पंधरा पाऊणे सव्वा अकरा

कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्या पोटावर पाय देणार, याची चर्चा आजवर दिल्ली-बंगळुरातल्या थंडगार सभागृहांत झाली. ती खरं म्हणजे काशीदला, वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून व्हायला हवी. मुरूड तालुक्यातल्या या गावात दर शनिवार-रविवारी निम्मं पुणं आणि उरलेली मुंबई उतरते, त्यामुळे या खटल्यातले दोन्ही पक्षकार तिथे पन्नास पावलांत आयते सापडतात. सुरूच्या सावलीत एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. तो सुट्टीवर आहे असं त्याच्या घरच्यांना वाटतं आणि कामावर आहे असं त्याच्या साहेबांना. त्याच्यासमोर दुसरा एक जण कोयता घेऊन ताडगोळे सोलत असतो. वीस वर्षांपूर्वी या दोघांपैकी यंत्र आधी कोणाला घरी बसवेल असं विचारलं असतं, तर शेंबड्या पोरानेही कोयत्याकडे बोट दाखवलं असतं. पण ताडफळाचं डोकं एका घावात उडवायचं, आतले तीन कप्पे उघडे पाडायचे, अंगठा असा फिरवायचा की गर पोटातल्या पाण्यासकट न फुटता अख्खा बाहेर यावा, आणि हे चालू असताना डझनाच्या भावावरून गिऱ्हाइकाशी हुज्जतही घालायची, हे सगळं एकत्र जमणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. उलट तिमाही अहवाल, त्याचा सारांश, सारांशाचं सादरीकरण आणि सादरीकरणाबद्दल आभाराचं पत्र हे यंत्र चहा निवायच्या आत करून देतं. हान्स मोरावेक या यंत्रमानवशास्त्रज्ञाने 1988 मध्येच लिहून ठेवलं होतं की बुद्धिमापन चाचणीत किंवा चेकर्सच्या पटावर यंत्राला मोठ्या माणसाच्या तोडीचं करणं सोपं, वर्षाच्या पोराचं हात-पाय-डोळे चालवणं कठीण. आपण मात्र मुलांना चाळीस वर्षं सांगत राहिलो की शिकला नाहीस तर ताडगोळे विकावे लागतील.

म्हणून लॅपटॉपवाल्याची लगेच कीव करायला नको. यंत्राने त्याची अक्कल पळवली असा जो आरडाओरडा चालतो, त्यात ती अक्कल त्या कामात मुळात किती खर्च होत होती, हा हिशेब कोणी मांडत नाही. काशीदमधल्या राहण्याच्या जागांच्या जाहिराती घ्या. निळाशार समुद्र, पांढरीशुभ्र वाळू, निसर्गाचं सान्निध्य, घरगुती जेवण आणि ‘किनारा चालत पाच मिनिटं’. यंत्र जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून माणसं हे लिहीत होती आणि एकाची जाहिरात दुसऱ्याच्या पाटीवर लावली तरी ना मालकाच्या ध्यानात येत होतं ना पाहुण्याच्या. जुलैत तोच समुद्र चहाच्या रंगाचा होतो, तरी जाहिरातीत तो बारमाही निळाच. सरकारी पत्रांचंही तेच. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ एवढं लिहिताना आजवर कोणत्याही कारकुनाच्या मेंदूला घाम फुटल्याची नोंद नाही. पत्राचा मायना कोणाला कसा लिहावा याचे ठरीव नमुने आपल्याकडे यादवकाळापासून, हेमाडपंतांच्या नावावर चालत आलेले आहेत. आपण साचे केले, साच्यांत सातशे वर्षं लिहिलं, आणि त्या साच्यांतून शिकलेलं यंत्र साचेबंद लिहितं म्हणून आता नाकं मुरडतो. एक फरक मात्र आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. ‘चालत पाच मिनिटं’ असं मालक लिहितो तेव्हा ते वीस मिनिटांवर आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या खोटेपणाला हेतू असतो, लाज असते आणि पाहुण्याने जाब विचारलाच तर ‘शॉर्टकटने’ असं उत्तर तयार असतं. यंत्र तेच वाक्य लिहितं तेव्हा त्याला ना किनारा ठाऊक, ना चालणं ठाऊक. फळाची कसलीही अपेक्षा न ठेवता खोटं बोलण्याचा हा निष्काम कर्मयोग माणसाला आजवर साधला नव्हता.

इतपत चालून गेलं असतं. पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं चालून कोणी मरत नाही, जेवण जरा गोडच लागतं. पण आता पाहुणा निघण्याआधीच यंत्राला सांगतो, ‘काशीदची दोन दिवसांची सहल आखून दे.’ समजा तो शनिवार पौर्णिमेचा आहे. यंत्र क्षणार्धात देखणं वेळापत्रक काढून देतं. सकाळी मुंबईहून प्रस्थान, नाश्ता, मग अकरा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत, दुपारी रेवदंडा आणि साळावचा पूल ओलांडून काशीद, दुसऱ्या दिवशी फणसाडच्या अभयारण्यात शेकरू दर्शन आणि जंजिरा. यात प्रत्येक ठिकाण खरं आहे, अंतरं बरोबर आहेत, शुद्धलेखन तर आपल्यापेक्षा बरं. फक्त अकरा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की किल्ला आणि पाहुणा यांच्यामध्ये अरबी समुद्र असतो. कुलाब्याला पायी जाता येतं ते ओहोटीला. आणि भरती कधी, हे कळायला या पट्टीतल्या जुन्या माणसांना ना इंटरनेट लागत होतं ना घड्याळ. तिथीची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, करायची, येईल त्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, अष्टमीला आठ पाऊणे सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही येते, एवढंच त्यातलं शास्त्र. अर्ध्या-पाऊण तासाची चूक होते, कधी थोडी जास्तही. बंदराच्या छापील कोष्टकासमोर हा आडाखा अगदीच गावठी ठरेल. पण अकराचा बेत ऐकताच पाऊणकी येणारी म्हातारी ‘बुडायला जाताय काय रे?’ एवढं नक्की विचारेल. माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. यंत्र आपल्याला उत्तर देतं, आणि उत्तर कुठेतरी खटकतंय हे ओळखणारा अदमास मात्र आपल्याकडेच असावा असं गृहीत धरतं. आणि तो अदमास येतो नेमकं तेच काम शेकडो वेळा स्वतः केल्याने, जे आपण आता यंत्रावर सोपवून मोकळे झालो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असंच रडला होतात. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळं बुडालं, तरी देश चाललाच की. आक्षेप वजनदार आहे. आणखी पुरावा मीच देतो: 1973 पासून कालनिर्णय भिंतीवर आलं आणि पंचांग उघडून तिथी काढणं घरोघरी थांबलं, म्हणून कोणाची एकादशी चुकली नाही. जुन्या युक्त्या गेल्या म्हणून गळा काढणाऱ्यांत मला बसायचं नाही. पाऊणकी पाठ न झाल्याबद्दल ज्यांनी हातावर छड्या खाल्ल्या, त्यांना विचारलं तर ते कॅल्क्युलेटरला हारच घालतील. पण कॅल्क्युलेटर आणि हे नवं यंत्र यांत एक बारीकसा भेद आहे. कॅल्क्युलेटरला येत नसलं तर तो मुकाट्याने चूक दाखवून थांबतो. पंधरा गुणिले पाऊण यांचं उत्तर सव्वा अकराऐवजी साडेसात देऊन, वर ‘किती छान प्रश्न विचारलात!’ असं तो म्हणत नाही. भिंतीवरचं कॅलेंडरही तुमच्या आग्रहाखातर गुरुवारची एकादशी शनिवारी सरकवत नाही. या नव्या यंत्राची चूक मात्र आंघोळ करून, पावडर लावून, इस्त्रीचे कपडे घालून येते. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राकडून घेतलेले जे निवाडे सादर केले, त्यांत पक्षकारांची नावं होती, क्रमांक होते, न्यायमूर्तींची भाषा होती. फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. दंड पाच हजार डॉलरचा झाला आणि तो वकिलांना. पेरूमध्ये अलीकडे दोन प्रवासी एका पवित्र दरीच्या शोधात निघाले होते. वाटाड्याने विचारल्यावर कळलं की ती दरी यंत्राने दोन खऱ्या नावांची सांधेजोड करून घडवलेली. वाटाड्या भेटला म्हणून बरं. त्याच्याकडे त्या डोंगरांचा अदमास होता.

दुसरा आक्षेप जास्त हुशार असतो. म्हणे, या चुका बाल्यावस्थेतल्या. वर्षभरात यंत्र भरतीची कोष्टकंही बघेल आणि पौर्णिमेच्या दिवशी कुलाबा किल्ला संध्याकाळी पाचला ठेवेल. ठेवेल, नव्हे ठेवतंही असेल. पण मला भीती वाटते ती त्या सुधारलेल्या यंत्राची. दहांतली तीन उत्तरं चुकीची देणाऱ्यावर माणूस नजर ठेवतो. हजारांतलं एकच चुकवणाऱ्यासमोर तो निवांत झोपी जातो, आणि ते एक उत्तर नेमकं कधी येईल हे कोणत्याच तिथीवर ठरत नाही. याचा पुरावा समुद्रकिनाऱ्यापासून फार दूर, पोलंडमधल्या डॉक्टरांकडे मिळतो. तिथे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत यंत्राची मदत आली. मग अनुभवी डॉक्टरांची यंत्राशिवायची कामगिरी आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे तपासलं. 2025 मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात, कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर आलेलं दिसलं. एका अभ्यासावरून जगाचा निकाल लावू नये, रुग्ण वेगळे असतील, कामाचा ताण वेगळा असेल. तरी हजारो तपासण्या केलेली ही माणसं होती, नवशिकी पोरं नव्हेत. त्यांचा अदमास काही महिन्यांत सैल पडला असेल, तर ज्यांना तो कधी आलाच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि काही गोष्टी यंत्र कितीही सुधारलं तरी त्याला उशिराच कळणार, कारण त्या आधी कोणीतरी लिहाव्या लागतात. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीच्या रात्री काशीदजवळचा पूल कोसळला आणि एकाचा जीव गेला. अशा रात्री पूल पडणं आणि ते नकाशाला कळणं यांत जो वेळ जातो, त्या वेळात रस्त्यावर हात आडवा करून उभं राहणारा माणूसच कामाचा. तिथे विनोद करण्यासारखं काही नाही.

मग यंत्र बुडवावं का खाडीत? अजिबात नाही. आक्षेपकांनी न विचारलेला मुद्दा मीच काढतो, कारण तो त्यांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम आहे. या पट्टीतल्या कोळी बांधवांना मासळी कुठे असण्याची शक्यता आहे याचा सल्ला हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मिळतो. पाण्याचं तापमान आणि त्यातल्या हरितद्रव्याचं प्रमाण उपग्रहावरून बघून तो काढतात. चांगला तांडेल तो सल्ला वाचतो, वारा बघतो, पाण्याचा रंग बघतो, उधाण आहे की भांग हे लक्षात घेतो, डिझेलचा भाव मनात धरतो आणि मग ठरवतो. सल्ला त्याच्या अदमासाच्या रांगेत येऊन बसतो, गादीवर नव्हे. आणि काशीदच्या घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंना तर या यंत्राने जे दिलं ते कोणत्याही साक्षरता अभियानाने दिलं नव्हतं. सुरतेचा पाहुणा गुजरातीत विचारतो, दिल्लीचा हिंदीत, बंगळुराचा इंग्रजीत. त्या मराठीत बोलतात आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर जातं, तेही नम्र. यातली नम्रता ही निव्वळ यंत्राची भर आहे, मूळ मराठीत ती असतेच असं नाही. इंग्रजी येत नाही म्हणून ज्या बाईला खोल्यांचं आरक्षण शहरातल्या दलालाच्या हाती द्यावं लागत होतं, तिच्या हातात ते परत आलं तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार इंग्रजी शाळेत शिकून बसलेल्यांना नाही. (गंमत अशी की याच रस्त्यावर अलीकडे कोर्लई लागतं. तिथे पोर्तुगीज राजवटीतून उरलेली एक स्वतंत्र मिश्र बोली हजारेक माणसं आजही घरात बोलतात. ती फारशी कुठे लिहिलेलीच नाही, त्यामुळे तिथल्या आज्यांना पाहुण्यांसमोर नातवाला काय वाट्टेल ते बोलायची सोय अजून शाबूत आहे.) मालकीणबाईंचं कौशल्य माशात आहे, भाषांतरात नव्हे, भाषांतर यंत्राकडे गेल्याने त्यांच्या हातचं काही जात नाही. सुरमई ताजी आहे की बर्फातली, हे त्या अजून कल्ला उचलूनच बघतात. अडचण तिथे येते जिथे माणूस कल्ला उचलणंच यंत्रावर सोपवतो आणि स्वतःकडे फक्त नम्रता ठेवतो. शहरातल्या कचेऱ्यांमध्ये सध्या हीच वाटणी चालू आहे.

तिसरा आक्षेप कामगार कायद्याच्या अंगाने येतो: अहो, मग माणसाला काम तरी काय उरणार? भरपूर उरणार, फक्त ते आजवर कोणी काम म्हणून मोजलेलं नव्हतं. कॅनडात एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राने, आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका नातवाला सांगितलं की सवलत नंतर मागितली तरी मिळेल. नियमात तसं नव्हतं. नातू न्यायाधिकरणात गेला तेव्हा कंपनीने बचाव मांडला की ते यंत्र ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे आणि आपल्या बोलण्याला तेच जबाबदार. 2024 च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. माझ्या मते या शतकातला हा एक थोर विनोदी युक्तिवाद आहे आणि तो गंभीर चेहऱ्याने केला गेला, यातच त्याची थोरवी. कारण यंत्र लिहील, वाचेल, हिशेब करेल, पण त्याची कॉलर धरता येत नाही. त्यामुळे पुढच्या काळात माणसाला पगार मिळेल तो बऱ्याच अंशी कॉलर असल्याबद्दल. यंत्राने काढलेल्या अहवालाखाली सही कोणाची, यंत्राने वाचलेल्या एक्स-रेवर नाव कोणाचं. जेफ्री हिंटन यांनी 2016 मध्ये सांगितलं होतं की एक्स-रे वाचणारे डॉक्टर तयार करणं आता थांबवा. पुढे त्यांना नोबेल मिळालं आणि तरी ते डॉक्टर आहेत तिथेच आहेत, कारण काही चुकलं तर नातेवाईक कोणाच्या केबिनमध्ये घुसणार?

या नव्या कामाची तालीम काशीदला केव्हाच सुरू झाली आहे म्हणायचं. समजा आषाढातली पावसाळी सहल आहे. पाहुण्याने विचारलं, ताजी सुरमई मिळेल का, आणि मालकीणबाईंच्या मोबाइलमधल्या यंत्राने परस्पर, अतिशय गोड इंग्रजीत, जरूर मिळेल असं कळवून टाकलं. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे या गावात पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. यंत्राला ते ठाऊक असलं तरी पाहुण्याचं मन मोडणं त्याच्या स्वभावात नाही. पाहुणा चिंब भिजून ताटावर बसतो, ताटात सुक्या बोंबलाची चटणी आणि डाळीचं पिठलं येतं, आणि तो मोबाइलमधलं वचन काढून दाखवतो. त्या क्षणी विमान कंपनीच्या वकिलांसारखं ‘ती एक स्वतंत्र व्यक्ती आहे’ असं म्हणण्याची सोय मालकीणबाईंना नसते, कारण मोबाइल त्यांच्याच पदराला खोचलेला असतो. त्या आधी समुद्राला दोष देतात, मग सरकारला, मग सुनेला, कारण यंत्र तिने घालून दिलेलं. आणि शेवटी दोन भाकऱ्या जास्त वाढून, वर सोलकढीची वाटी ठेवून, अर्धा तास पाहुण्याचं ऐकून घेतात. त्यातल्या भाकऱ्यांचा आणि सोलकढीचा दर पाटीवर आहे. अर्धा तास ऐकून घेण्याचा दर अजून त्यांनी लावलेला नाही, पण येत्या मोसमात लावायला हरकत नसावी.